बडोद्यात धक्का जाणवला तर: नोंद, आकडे आणि घराची तपासणी

जमीन हलायची थांबली की आधी मोबाइलच्या घड्याळातली वेळ लिहून ठेवा. वेळ मिनिटापर्यंत बरोबर असेल तर पुढची पडताळणी सोपी जाते. ‘पहाटे केव्हातरी’ एवढ्यावर काही ठरत नाही. सोबत तीन गोष्टी नोंदवा: कितव्या मजल्यावर होता, बसलेले होता की चालत होता, आणि काय हलले. भांडी वाजली, टांगलेला दिवा झुलला, दार आपोआप उघडले, की नुसती खिडकीची काच थरथरली? सोसायटीच्या सीसीटीव्हीवर धक्का दिसतो, पण त्या घड्याळात दोन-चार मिनिटांचा फरक सर्रास असतो. तो आधी तपासा.

जवळच्या लहान भूकंपात बऱ्याचदा एक खटका बसतो, कधी ‘धप्प’ असा आवाजही येतो, आणि दोन-तीन सेकंदांत सगळे शांत. लांबच्या मोठ्या भूकंपात मात्र संथ हेलकावे येतात, ते पाऊण-एक मिनिटही टिकतात आणि दहाव्या मजल्यावर डोके गरगरते, तर खाली वॉचमनला पत्ताही लागत नाही. याचे कारण इमारतीच्या उंचीत आहे. इमारतीचा झुलण्याचा काळ ढोबळपणे दर मजल्यामागे एक दशांश सेकंद असतो. दहा मजली इमारत साधारण एका सेकंदात एक झोका घेते, आणि लांबून येताना जलद कंपने वाटेतच विरतात, संथ तेवढी पोचतात.

आधी हलकी थरथर आणि मग जोराचा हिसका असे दोन टप्पे स्पष्ट जाणवले असतील तर त्यांच्यातले सेकंद मोजून आठाने गुणा. चार सेकंद असतील तर भूकंप साधारण ३०-३२ किलोमीटरवर झाला. पहिल्या लाटा कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावतात, दुसऱ्या सुमारे साडेतीन. हा हिशेब त्या फरकातून येतो. घाबरलेला माणूस सेकंद नेहमी जास्तच मोजतो, म्हणून उत्तर अंदाजाचेच समजा.

आता पडताळणी. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचे ‘भूकंप’ (BhooKamp) अ‍ॅप आणि संकेतस्थळ पाहा. गुजरातपुरती बारीक नोंद गांधीनगरच्या भूकंपशास्त्र संशोधन संस्थेकडे, म्हणजे आयएसआरकडे असते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या (यूएसजीएस) यादीत वेळ जागतिक प्रमाणवेळेची असते. तीत साडेपाच तास मिळवा. मध्यरात्रीनंतर दोन वाजून दहा मिनिटांनी बसलेला धक्का तिथे आदल्या तारखेला २०.४० वाजता दिसतो, आणि लोक म्हणतात, यादीत नाहीच! अँड्रॉइड फोनवर इशारा आला नाही म्हणून धक्का खोटा ठरत नाही. ती सोय ४.५ किंवा त्याहून जास्त मॅग्निट्यूडच्या, म्हणजे आकारमानाच्या, भूकंपांसाठी आहे.

पहिल्या तासाभरात आकडा ३.४ चा ३.१ होऊ शकतो. दूरच्या केंद्रांच्या नोंदी येत जातात तसे गणित सुधारते. लपवाछपवी काही नाही. खोलीच्या रकान्यात ‘१० किलोमीटर’ दिसले तर जास्त विश्वास ठेवू नका. नोंदी अपुऱ्या असल्या की खोली गृहीत धरतात, आणि १० हा त्यातला नेहमीचा आकडा आहे. लहान भूकंपाचे ठिकाणही काही किलोमीटर इकडेतिकडे असते, म्हणून नकाशावरचा ठिपका अमुक गावाच्या शाळेवर पडला याला अर्थ नाही.

बातम्यांत सर्वांत जास्त घोटाळा होतो तो दोन मापांचा: मॅग्निट्यूड आणि तीव्रता. मॅग्निट्यूड भूकंपाला एकच असतो. त्यात एक अंक वाढला की जमिनीच्या हालचालीची नोंद दहापट होते आणि ऊर्जा सुमारे ३२ पट. दोन अंक वाढले तर ऊर्जा हजारपट. म्हणून ‘छोटे धक्के येऊन गेले, ताण मोकळा झाला’ हे समाधान फोल आहे: ६ च्या एका भूकंपाएवढी ऊर्जा बाहेर पडायला ३ चे तीसेक हजार धक्के लागतील. तीव्रता मात्र ठिकाणागणिक बदलते आणि रोमन आकड्यांत लिहितात. घरातल्या थोड्यांनाच जाणवले तर तिसरी, भांडी-खिडक्या वाजल्या तर चौथी, झोपलेले बरेच जण जागे झाले तर पाचवी, लोक घाबरून बाहेर धावले आणि गिलाव्याला बारीक भेगा पडल्या तर सहावी. सुरुवातीला लिहिलेली टिपणे इथे कामाला येतात. त्यांवरून आपल्या घरापुरती तीव्रता स्वतःच ठरवता येते.

बडोद्याभोवतीचा नकाशा समजायला तीन पट्टे पुरेत. दक्षिणेला नर्मदेच्या काठाने जाणारा नर्मदा-सोन भ्रंशपट्टा (कवचातल्या जुन्या भेगांचा पट्टा): २३ मार्च १९७० चा भरूचचा ५.४ चा भूकंप याच्यावरचा, आणि भरूच इथून सत्तरेक किलोमीटरवर. पायाखाली खंबातचा खचलेला पट्टा, गाळाच्या जाड थरांनी भरलेला. अंकलेश्वरचे तेल याच पट्ट्यातले. वायव्येला कच्छ, जिथे १८१९, १९५६ आणि २००१ असे मोठे भूकंप झाले. भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असल्यामुळे या जुन्या भेगांवर दाब येतो. सौराष्ट्रातल्या तलाला भागात २००७ आणि २०११ साली धक्क्यांच्या रांगा लागल्या होत्या, पालघरच्या डहाणू भागात नोव्हेंबर २०१८ पासून. अशा मालिकांत बऱ्याचदा एक ठळक मुख्य धक्का नसतो.

कच्छ लांब आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. २६ जानेवारी २००१ च्या ७.७ च्या भूकंपाचे केंद्र भचाऊजवळ होते. अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरपेक्षा जास्त दूर, तरी तिथल्या कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. नदीच्या गाळाने हालचाल वाढवली, आणि खाली पार्किंगसाठी मोकळा मजला, वर भिंतींनी भरलेले फ्लॅट, अशा रचनेत सगळा भार खालच्या खांबांवर आला. बडोदेही गाळावर वसले आहे आणि पार्किंगवरच्या इमारती इथे गल्लोगल्ली आहेत.

प्रदेशाची हालचाल वाढली का, हे पाहायचे तर यादी उतरवून घ्या आणि २०० किलोमीटरच्या आतले भूकंप मॅग्निट्यूडप्रमाणे मोजा. सर्वसाधारणपणे ४ चा एक तर ३ चे दहा, २ चे शंभर असे प्रमाण पडते. तुमच्या यादीत २ चे फारच कमी निघाले तर ते झाले नाहीत असे नाही, पकडले गेले नाहीत. आयएसआरचे जाळे २००६ नंतर उभे राहिले, त्यामुळे त्याआधीच्या दशकांशी लहान धक्क्यांची तुलना केली की ‘भूकंप वाढले’ हा खोटा निष्कर्ष हमखास निघतो. ४ च्या खालचे सोडून द्या आणि मग तुलना करा. ‘अमुक तारखेला मोठा येणार’ असा निरोप फिरू लागला तर पुढे पाठवू नका. तारीख आणि वेळ सांगणारी पद्धत जगात कुणाकडे नाही.

२०१६ च्या भारतीय मानकात बडोदे तिसऱ्या भूकंपक्षेत्रात आहे, क्षेत्र गुणांक (इमारत किती हादऱ्यासाठी आखायची ते ठरवणारा आकडा) ०.१६. इथे सातवी तीव्रता गृहीत धरली जाते, म्हणजे कच्च्या बांधकामाला मोठे नुकसान. सोसायटीच्या स्ट्रक्चरल अहवालात ०.१६ आहे का ते बघा. नवे काम चालू असेल तर खांबातल्या उभ्या सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवलेली आहेत का हे काँक्रीट ओतण्याआधी पाहा. ९० अंशांवर सोडलेली रिंग धक्क्यात उघडते आणि मग उभ्या सळ्या वाकतात.

लहान धक्क्यानंतर घरात भेगा शोधल्या की सापडतातच. बहुतेक जुन्या असतात. भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख लिहा, शेजारी पट्टी धरून फोटो काढा, महिन्याने परत बघा. केसाएवढी, फक्त गिलाव्यातली भेग सोडून द्या. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, भिंतीच्या दोन्ही बाजूंना दिसणारी, ३ मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा खांब-तुळईत असलेली भेग स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. प्लास्टर मारून झाकू नका. पोळातल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्तीतल्या, जुन्या लाकडी सांगाड्याच्या घरांत तुळईची भिंतीत गेलेली टोके ठोकून पाहा, कारण कुजणे तिथून सुरू होते. गच्चीवरची हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. तिचे बैठे ओटे आणि पाइप तपासा. कपाटे एल पट्टीने भिंतीला जखडा, तीही विटेत, गिलाव्यात नव्हे.

गॅसचा वास आला तर मुख्य कॉक बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याचे बटण चालू किंवा बंद काहीही करू नका. धक्का चालू असताना टेबलाखाली बसून डोके झाका आणि टेबलाचा पाय धरा. पोळातल्या अरुंद गल्लीत मात्र धावू नका. कठडे, कौले आणि गॅलरीचे नक्षीकाम तिथेच पडते. थांबल्यावर चौकात किंवा मैदानात जा, लिफ्ट टाळून.