आर्सेनिक ओढणारा नेचा कसा लावायचा

जळगाव-धुळ्याकडे बोअरचं पाणी पीत असाल तर आधी लॅबमधून आर्सेनिक हे विषारी मूलद्रव्य चेक करा, लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या वर निघालं तर पिऊ नका, उकळूनही ते जात नाही. मातीत निघालं तर टेरिस विट्टाटा हा नेचा लावा, आर्सेनिक ओढून घ्यायचा त्याचा गुण २००१ मध्ये जगासमोर आला. चुनखडीची जमीन त्याला आवडते पण खान्देशातलं ऊन नाही, शेडनेट आणि ओल पाहिजेच. आर्सेनेट, म्हणजे मातीतल्या आर्सेनिकचं एक रूप, झाडाला लागणाऱ्या फॉस्फेटसारखंच असतं म्हणून मुळं त्याच वाटेनं ते आत घेतात, मग झाड त्याचं आर्सेनाइट (आर्सेनिकचं दुसरं रूप) करून पानांच्या पेशींतल्या व्हॅक्युओलमध्ये, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडतं. क्लोरेला शेवाळही पाण्यातून आर्सेनिक ओढतं, थोड्याला मिथाइल (कार्बन-हायड्रोजनचा छोटा गट) जोडतं. पानं कापली की घातक कचऱ्यातच द्या, जाळू नका, गुरांपुढे टाकू नका, कंपोस्टमध्ये तर अजिबातच नाही! माती साफ व्हायला वर्षं लागतात.