‘अ सेपरेट पीस’ : युद्ध-शांततेच्या प्रतिमा वाचताना या चुका टाळा

जॉन नोल्सच्या या 1959 सालच्या कादंबरीवर लिहिताना पहिली चूक शीर्षकातच होते. माझीही झाली होती. ‘वेगळी शांतता’ असा अर्थ मनात धरून वाचली, तेव्हा कादंबरी मला नुसती हळवी वाटली. मूळ शब्दप्रयोग राजकारणातला आहे: दोस्तांना लढत ठेवून एकट्यानेच शत्रूशी केलेला तह. 1782 मध्ये मराठ्यांनी इंग्रजांशी सालबाईचा तह केला तेव्हा हैदरअली लढतच होता, तसा. ‘तह’ हा शब्द घेतला की युद्ध शीर्षकातच येऊन बसतं, आणि सोबत्यांना मागे सोडल्याची बोचही. कथा घडते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, अमेरिकेतल्या एका निवासी शाळेत; ती सांगणारा जीन आणि फिनी हे जिवलग मित्र. फिनी शाळेत हिवाळी जत्रा भरवतो, त्या दुपारच्या आनंदाला जीन शीर्षकातले हेच शब्द वापरतो. त्याच दुपारी सैन्यात गेलेल्या लेपर या वर्गमित्राची तार येते. तो सैन्यातून पळालाय. तह टिकला तो एवढाच.

दुसरी चूक परीक्षेच्या उत्तरांत हमखास दिसते. वहीत दोन रकाने पाडायचे: उन्हाळा, डेव्हन नदी, फिनी एकीकडे, हिवाळा, नागुआमसेट नदी, सैन्यभरती दुसरीकडे. रकाने दिसायला नेटके, पण कादंबरी त्यांत मावत नाही. जीन नदीकाठच्या झाडाची फांदी हलवतो आणि तिच्यावरून फिनी खाली पडून त्याचा पाय मोडतो, ते 1942 च्या उन्हाळ्यात, सगळ्यात सुखाच्या दिवसांत. उलट न्यू हॅम्पशायरच्या त्या शाळेत बर्फ उतरतो तो आक्रमकांसारखा, पण इतक्या हळुवारपणे ताबा घेणारा की कुणी प्रतिकारच करत नाही. ही उपमा मला पुस्तकातली सर्वांत सुंदर वाटते. युद्ध या मुलांच्या आयुष्यात असंच शिरतं. तेव्हा रकाने खोडा आणि प्रत्येक प्रतिमेखाली लिहा: यात दुसऱ्या बाजूचं काय मिसळलंय?

‘इथे उपमा आहे’ एवढं लिहून थांबू नका. ते ओळखायला शाळेतलं व्याकरण पुरतं.

बोलतंय कोण, हे विसरणं ही त्याहून मोठी चूक. नदीकाठचं झाड जीनच्या आठवणीत तोफेसारखं भयंकर आहे. पंधरा वर्षांनी तो परत येतो, तेव्हा ते झाड कुठलं हेच त्याला आधी ओळखू येत नाही, इतकं ते साधं निघतं. म्हणजे तोफ झाडात नव्हती, जीनच्या भीतीत होती. उत्तर अडलं तर आधी हे ठरवा की ही प्रतिमा सोळा वर्षांच्या मुलाची की तिशीतल्या माणसाची.

शेवटच्या परिच्छेदातली मॅजिनो रेषा अनेक जण ‘संरक्षणाचं प्रतीक’ म्हणून उरकतात. थोडा इतिहास वाचा. फ्रान्सने जर्मनीच्या सीमेवर अफाट खर्चून ही तटबंदी उभारली, आणि 1940 मध्ये जर्मन सैन्याचा मुख्य लोंढा तिला वळसा घालून आर्देनच्या जंगलातून आत घुसला. हे ठाऊक असलं की जीनचं वाक्य खरं लागतं: प्रत्येकाने स्वतःभोवती अशी तटबंदी बांधली, शत्रू त्या वाटेने कधी आलाच नाही, आणि तो शत्रू तरी होता का? असा तट न बांधणारा एकटा फिनी होता.