बायकोचे तीन तास, नवऱ्याचा ट्रेक आणि राहून गेलेलं कौतुक

दोघं नोकरीवाले, एक शाळेत जाणारं पोरगं, शनिवारी रात्री नवरा सहज सांगतो "उद्या पहाटे राजगडला चाललोय" आणि बायकोला मात्र साधं दाताच्या डॉक्टरकडे जायचं तरी आधी पोळ्यांचं काय, पोराला कोण बघणार याची जुळवाजुळव करावी लागते. ट्रेकवर कोणाचा राग नसतो हो. एकाची सुट्टी आधीच ठरलेली आणि दुसरीची उरलीसुरली, राग त्याचा असतो.

तर पहिलं काम, आठवड्यातले तीन-तीन तास दोघांच्या नावाने कॅलेंडरवर लिहून टाका, किचनच्या भिंतीवरच्या. नंतर परवानगी मागायची नाही, फक्त आठवण करून द्यायची. त्या वेळात झोपा, चाला, ती लांबवलेली थायरॉईडची टेस्ट करा, मैत्रिणीकडे जा, काहीही. सोफ्यावर पडून रील्स बघणं यात धरू नका, तो आराम नाहीये, डोळे उघडे ठेवून घेतलेली डुलकी आहे.

आता खरी गोम. निघायच्या आधी कुकर लावून, कणीक मळून, पोराचे कपडे काढून ठेवून जाऊ नका! मग तो वेळ तुम्ही आधीच कामाने फेडलेला असतो. घर पूर्ण दुसऱ्याच्या ताब्यात द्यायचं आणि त्यानेही "डाळ कुठल्या डब्यात आहे" म्हणून फोन करायचा नाही, सगळे डबे उघडून बघायचे. सासू-सासरे एकत्र राहत असतील तर "ती बाहेर गेलीय" असं न म्हणता नवऱ्याने स्वतः सांगायचं "आई, आज स्वयंपाक मी बघतोय".

याचा कौतुकाशी काय संबंध? तर सगळा संबंध आहे. सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेप्रमाणे (कोणाचा वेळ कशात जातो याची पाहणी) घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्या कामात जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ८८. तरी भांडताना दोघांनाही वाटतं मीच जास्त करतो, आणि त्यात कोणी मुद्दाम खोटं बोलत नसतं. १९७९ मधे रॉस आणि सिकोली या संशोधकांनी नवरा-बायकोंना वेगवेगळं विचारलं की घरातल्या कामात तुमचा वाटा किती, बहुतेक जोडप्यांत दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली, कारण स्वतःचं केलेलं आठवतं, दुसऱ्याचं दिसतच नाही. म्हणून टक्क्यांवर वाद घालू नका. एक रविवार एकट्याने घर सांभाळा, शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला आलेला चार्ट पेपरचा मेसेज, आईंच्या बीपीच्या संपत आलेल्या गोळ्या, सगळं आपोआप दिसायला लागतं. तसंच बायकांनीही गाडीची पीयूसी, सोसायटीची मीटिंग, लाईट गेल्यावर वायरमनच्या मागे लागणं हे एखाद्या महिन्यात करून बघा.

बोलायचं कसं, कारण आपल्याकडे लगेच "आपल्यात कसलं थँक्यू" असतं. मग थँक्यू नका म्हणू, नेमकं केलेलं काम सांगा. "गोळ्या संपायच्या आत आणल्यास, माझ्या तर डोक्यातच नव्हतं" एवढं पुरतं. चारचौघात सांगितलं, विशेषतः स्वतःच्या आईसमोर, तर अजून बरं. पण "तुझ्यासारख्या पोळ्या कोणाला जमतच नाहीत" या वाक्यापासून जपून, बऱ्याचदा त्याचा अर्थ लाटणं आयुष्यभर तुझ्याच हातात राहू दे असा असतो 😄 आणि बायकांनो, त्याने भांडी उलटीसुलटी लावली तरी परत लावायला जाऊ नका, एकदा का तुम्ही ती परत लावलीत की पुढच्या वेळी तो हातच लावणार नाही.

पाहुणे आले, परीक्षा आली, तर तीन तास रद्द करायचे नाहीत, तिथल्या तिथे दुसरा दिवस लिहायचा. तान्हं बाळ असेल तर हे सगळं बाजूला ठेवा, आधी झोप वाटून घ्या, एक रात्र तू उठ, एक रात्र मी, अंगावर पाजत असाल तर पाजून झाल्यावर ढेकर काढणं आणि परत झोपवणं बाबाकडे.