खुर्ची सोडून रंधा धरण्याआधी

ऑफिसची नोकरी सोडून हाताच्या कामात उतरायचं असेल तर आधी काय काय उरकायचं, त्याची ही यादी. राजीनामा ही त्यातली शेवटची गोष्ट. ऑफिसचा वैताग आला की नेमकी तीच पहिली सुचते, आणि पगार थांबल्यावर कळतं की आपल्याला भुशाने शिंका येतात. मी सुतारकामात आलो, म्हणून उदाहरणं तिथली देतो. वायरिंग, प्लंबिंग किंवा वेल्डिंगकडे निघालेल्यांनी हत्यारांची नावं बदलून वाचावं.

सुरुवात सुट्टीच्या दिवसांपासून करा. कुठल्या तरी चालू कारखान्यात शब्द टाकून तीन-चार महिने सलग जा. छंदवर्गावर विसंबू नका. तिथे लाकूड आधीच कापून, रंधून ठेवलेलं असतं आणि आपल्या वाट्याला फक्त गोड भाग येतो. कारखान्यात आधी झाडू मिळतो, मग फळ्या वाहणं, मग कोणी तरी खिळे ठोकत असताना दुसरं टोक धरून उभं राहणं. शिकवणारा वयाने बराच लहान असू शकतो, याची मनाची तयारी लागते. 'काका, फळी उलटी धरलीय,' हे मी सगळ्यांदेखत ऐकलंय आणि फळी खरोखरच उलटी होती. ऑफिसात दहा माणसं माझ्या हाताखाली होती, हे त्या फळीला माहीत नव्हतं.

शरीराची तपासणी पगार चालू असतानाच उरकून घ्या: कंबर, गुडघे, डोळे, कान. कानांची आजची नोंद हाती असेल तर पुढे तुलना करता येते. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाचे ८ तास, ही साधारण मर्यादा धरतात आणि पुढच्या दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं, आणि लाकूड कापणारी यंत्रं त्या आकड्याच्या आसपास सहज पोचतात. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तोंडाला बांधलेला रुमाल इथे कामाचा नाही, नीट बसणारा धुळीचा मास्क हवा. चष्मा आणि कानावरचे मफ आधी, हत्यारं नंतर. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ घालायचे नाहीत. मोज्याचा धागा पात्यात सापडला की मागोमाग हातही ओढला जातो.

पैशाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळेच सांगतात. वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा. कर्ज घ्यायचंच असेल तर पगाराची स्लिप हातात असतानाच घ्या, नंतर बँक दारात उभं करत नाही. नोकरीसोबतचा आरोग्य विमा संपणार, तो स्वतःचा आधीच काढून ठेवा. आणि घरच्यांना आकड्यांसकट सांगा, 'बघू कसं जमतं' एवढ्यावर थांबू नका.

हत्यारांची खरेदी हा मोहाचा भाग. दोन-तीन पटाश्या (लाकूड तासायची सपाट पात्याची हत्यारं), फळी गुळगुळीत करायला एक रंधा, करवत, काटकोन बघायचा गुण्या, धारेचा दगड. बस. मोठी यंत्रं काम मिळाल्यावर. गुण्या घेतानाच पारखून घ्या: सरळ कडेच्या फळीवर टेकवून एक रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी. रेघा एकमेकींवर बसल्या तर ठीक. फाकल्या तर जितक्या फाकल्या त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

धार लावायला मात्र आठवडेच्या आठवडे द्या. पटाशीची पाठ आधी दगडावर सपाट करायची, मग साधारण २५ अंशांचा उतार, आणि टोकाला ३० अंशांची बारीक कड. कडेला मागच्या बाजूने नखाला जाणवेल इतकी भर आली की पलटून ती काढायची. मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावर पटाशी चालवून बघा. तिथे रेषे चुरगळले, पांढुरके डाग पडले तर धार नाही. गुळगुळीत, किंचित चमकणारा काप आला तर आहे. मला हा चमकणारा काप दिसायला दोन महिने लागले, आणि तोवरची माझी सगळी जोडकामं मी लाकडाच्या नावाने बोटं मोडत केली होती.

लाकूड हालतं, हेही नोकरीत असतानाच शिका. दमट हवेत फळी रुंदीत फुगते, कोरड्या हवेत आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. माझ्या पहिल्या टेबलाचा वरचा तक्ता मी दोन्ही कडांना स्क्रूने घट्ट आवळला. हवा कोरडी पडली तशी मधोमध हातभर चीर गेली. भोकं लांबट ठेवली असती तर तक्त्याला सरकायला जागा मिळाली असती. जवसाच्या तेलाने पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकायची नाहीत, हेही याच खात्यात. वाळताना ती तापतात आणि आपोआप पेट घेतात. पसरून वाळवायची किंवा पाण्याच्या झाकणबंद डब्यात ठेवायची.

ऑफिसची एक सवय सोबत न्या: वेळेची नोंद. मी प्रत्येक कामाला लागलेले तास लिहीत गेलो आणि कळलं की माझा अंदाज हमखास तिपटीने चुकतो. भाव सांगताना ती वही मित्रांच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते. फोन उचलणं, सांगितलेल्या दिवशी पोचणं, बिल लिहून देणं यांतही कारकुनी माणूस पुढे असतो.

आता शेवटचं. राजीनाम्याआधी एक काम अनोळखी माणसाला पैसे घेऊन करून द्या. नातेवाईक चालणार नाहीत, ते कौतुक करतात. माझं ते काम खणांचं कपाट होतं. एक खण अडकतो म्हणून गिऱ्हाइकाने मला दोनदा बोलावलं. दुसऱ्यांदा कडेला रंधा मारून, मेण घासून आलो, तेव्हा उरलेले पैसे आले. पत्र मी त्यानंतर लिहिलं.