पॅसिव्ह बास, मंडपातला मिक्सर आणि प्रीॲम्प

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या गणेशोत्सवात बास गिटार बऱ्याचदा ॲम्पशिवाय थेट मिक्सरला जोडतात. पॅसिव्ह, म्हणजे आत बॅटरीवरचं सर्किट नसलेल्या बासचा आवाज तिथे मेलेला येतो: वरची धार जाते, नुसती घुमघुम उरते. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इंपिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलो-ओहम असतो. पॅसिव्ह पिकअपला (तारांची थरथर सिग्नलमध्ये बदलणारा भाग) १ मेगा-ओहमच्या आसपास हवा, कमी पडला की धार जाते. इक्वलायझर कितीही फिरवा, गेलेली धार परत येत नाही.

मध्ये डीआय (बासचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारं सर्किट) असलेला प्रीॲम्प पेडल टाकला आणि प्रश्न सुटला. घेताना आधी इनपुट इंपिडन्स बघा, मग बॅलन्स्ड एक्सएलआर आउट (माइकसारखी तीन पिनांची, कमी गोंगाटाची जोडणी), ग्राउंड लिफ्ट (त्या केबलची ग्राउंड जोडणी तोडणारं बटण) आणि प्री-पोस्ट स्विच (मिक्सरला जाणारा सिग्नल पेडलच्या टोन सेटिंगच्या आधीचा की नंतरचा ते ठरवणारा). ड्राइव्हचं (आवाज खरखरीत करणारं) बटण माझ्या मते सगळ्यात शेवटी. हाय-पास फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचा आवाज कापणारा) मात्र असलाच तर फार कामाचा. चार तारांच्या बासची खालची ई ४१ हर्ट्झची, म्हणून ३० ते ३५ हर्ट्झवर कापा. स्टेजची धडधड जाते, सूर राहतो.

जनरेटरवर हम (सततची गुणगुण) आला तर ग्राउंड लिफ्ट दाबा. पण पेडल फँटमवर (मिक्सरकडून एक्सएलआर केबलमधून येणारी वीज) चालत असेल तर लिफ्टने बहुधा तेच बंद पडतं, कारण फँटमचा परतीचा मार्ग एक्सएलआरच्या पिन १, म्हणजे ग्राउंडमधून असतो. तेव्हा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर किंवा बॅटरी हवीच. प्लगची अर्थ पिन मात्र कधीही काढू नका, त्यात जीव जातो.

गेन (सिग्नलची पातळी) लावताना सगळ्यात जोरात वाजवा, क्लिपचा (सिग्नल जास्त होऊन फाटतोय हे सांगणारा) दिवा लागला की थोडं मागे या.