कोकणातल्या घराचे बाहेरचे दार चौकटीसह बदलताना

किनाऱ्यालगतच्या घरात दाराआधी चौकटीचे बूड जाते, कारण पावसाळाभर भिंतीच्या जांभ्या दगडात मुरलेली ओल उभ्या लाकडांच्या टोकांतून वर चढते आणि मागोमाग वाळवी येते. उंबरठ्याजवळ पेचकस टोचून पाहावा. तो सहज आत शिरला तर नुसते दार बदलून भागणार नाही. हे काम दिवाळीनंतर, भिंती सुकल्यावर काढावे.

जुन्या मातीच्या बांधकामात अनेकदा दारावर वेगळी तुळई नसते आणि वरच्या चिऱ्यांचा (जांभ्याच्या घडीव दगडांचा) भार चौकटीवरच असतो, म्हणून आधी दाराच्या डोक्यावरचा गिलावा थोडा फोडून पाहावा. तुळई नसेल तर जाणत्या गवंड्याकडून टेकू लावून घेतल्याखेरीज चौकटीला हात लावू नये. हे मी आग्रहाने सांगतो. भार नसल्याची खात्री झाली की दार उतरवावे, उभी लाकडे मध्यावर करवतीने कापावीत आणि पहारीने हळूहळू सोडवावीत. हिसका दिला तर चिऱ्याची कड ढासळते.

नव्या चौकटीचे माप भिंतीतल्या पोकळीवरून, वर, मध्ये आणि खाली असे घ्यावे आणि सर्वांत लहान माप धरावे. लाकूड पक्के वाळलेले सागवान किंवा फणस असावे. भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना आणि विशेषतः खालच्या कापलेल्या तोंडांना काजूच्या टरफलांचे तेल किंवा डांबर लावावे. हे तेल कातडीला पोळते, तेव्हा हातमोजे हवेतच.

चौकट पाचरींवर उभी करून ओळंबा समोरून आणि बाजूने असा दोन्हीकडून लावावा. दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजे कोपरे काटकोनात आहेत. जांभा ठिसूळ असल्याने भिंतीत भोक पाडून बसवायच्या नुसत्या फास्टनरवर (फुगून पकड घेणाऱ्या बोल्टवर) विसंबू नये. प्रत्येक बाजूला तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) खोबणीत काँक्रीट भरून बसवावेत, आठवडाभर पाणी मारावे आणि मगच दार टांगावे.

खाऱ्या हवेत साधे लोखंड गंजते, म्हणून बिजागऱ्या आणि स्क्रू पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. लाकूड आषाढात फुगते, तेव्हा कडीच्या बाजूला 3 ते 4 मिलिमीटर फट ठेवावी. दाराच्या खालच्या कडेला मात्र टांगण्यापूर्वीच रंग द्यावा, कारण नंतर तिथे कुंचला पोहोचत नाही.