ऑइल-फ्री स्क्रोल कंप्रेसर आणि व्हॅक्यूम पंप : या चुका टाळा

"ऑइल-फ्री आहे ना, मग त्यात बघायचं काय?" सर्व्हिसला गेल्यावर हे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक ठिकाणी ऐकू येतं. तेल बदलायचं नाही, पातळी बघायची नाही, हे खरंच आहे. पण तेलाच्या मशीनमध्ये तेल तीन कामं करत असतं : फटी बुजवतं, उष्णता वाहून नेतं आणि घर्षण कमी करतं. तेल काढलं म्हणून ही कामं संपत नाहीत. फटी बुजवायला टिप सील येतं, थंड करायला पंख्याची हवा आणि बेअरिंगसाठी ग्रीस. मी पाहिलेल्या बहुतेक बिघाडांत या तिघांपैकी कुणाकडे तरी दुर्लक्ष झालेलं असतं.

टिप सीलला तेल लावणं

स्क्रोलमध्ये दोन सर्पिलं असतात. एक स्थिर, दुसरं स्वतःभोवती न फिरता छोट्या वर्तुळात हलत राहतं. दोघांमधल्या चंद्रकोरीसारख्या पोकळ्या आत सरकत लहान होत जातात आणि हवा दाबली जाते. लिओन क्र्यू या फ्रेंच इंजिनिअरने याचं पेटंट १९०५ मध्ये घेतलं, पण इतकी अचूक सर्पिलं कापणारी यंत्रं यायला पुढे कित्येक दशकं गेली. ऑइल-फ्री मशीनमध्ये सर्पिलांच्या भिंती एकमेकींना टेकत नाहीत. टेकतं ते फक्त टिप सील, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरच्या खाचेत बसवलेली पट्टी. ती झिजणारच, ते तिचं कामच आहे.

एका ठिकाणी पंप उघडला तर खाचेत काळी, चिकट खळ भरलेली. आवाज येत होता म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूने आत तेल सोडलं होतं. सीलची झीज एरवी कोरड्या पावडरीसारखी असते, ती पुसून निघते. तेलात कालवली की खाचेत घट्ट बसते, सील मोकळं हलत नाही आणि फट उघडी राहते. त्या पंपाचं निम्मं काम खाचा साफ करण्यातच गेलं. ग्रीस बेअरिंगला, तेही निर्मात्याने सांगितलेलंच आणि त्याने दिलेल्या तासांवर. सीलला काहीही लावायचं नाही.

आणखी एक. नवीन सील टाकल्यावर पहिल्याच तासात व्हॅक्यूम पूर्ण येत नाही, म्हणून पंप पुन्हा उघडू नका. सील बसायला वेळ लागतो. एखादा दिवस चालू द्या, मग मोजा.

व्हॅक्यूम येत नाही म्हणून थेट पंप उघडणं

ही चूक सगळ्यात महागात पडते, कारण बऱ्याचदा दोष पंपात नसतोच. आधी पंपाच्या तोंडाशी गेज लावून बाकी सगळं बंद करा आणि पंप एकटा चालवा. चांगला ड्राय स्क्रोल पंप ०.०१ मिलीबारच्या आसपास पोहोचतो. तो आकडा आला तर पंपाला हात लावू नका.

मग चेंबरकडे, म्हणजे ज्या भांड्यातली हवा पंप ओढतो त्याकडे वळा. मधला व्हॉल्व्ह बंद करून दर मिनिटाला दाब लिहून घ्या. आकडा एकसारख्या गतीने चढत राहिला तर गळती आहे. सुरुवातीला भराभर चढून मग मंदावला, तर आतल्या ओलाव्यातून वाफ सुटते आहे. चेंबर ओढताना गेज वीसेक मिलीबारला येऊन अडलं, तर आत कुठेतरी चक्क पाणी आहे असं समजा. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा बाष्पदाब सुमारे २३ मिलीबार असतो. अशा वेळी गॅस बॅलास्ट, म्हणजे पंपात थोडी बाहेरची हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह, उघडा, नाहीतर वाफ पंपातच पाणी होऊन साचेल. आणि काम झाल्यावर तो बंद करायला विसरू नका. बॅलास्ट उघडा असताना शेवटचा दाब वरच राहणार, आणि ती तक्रार मला दर काही महिन्यांनी येते.

पाइपही बघा. हवा दाट असताना, म्हणजे दाब अजून फार खाली गेलेला नसताना, पाइपचा व्यास निम्मा केला की वहनक्षमता सोळाव्या हिश्शावर येते. लांब, बारीक नळी लावून मोठा पंप घेण्यात अर्थ नाही.

तेल नाही म्हणजे पाणीही नाही, असं मानणं

३० अंशांच्या पूर्ण दमट हवेत दर घनमीटरला साधारण ३० ग्रॅम पाणी असतं. अशी आठ घनमीटर हवा दाबून एक घनमीटर केली आणि पुन्हा ३० अंशांवर आणली, तर २४० पैकी ३० ग्रॅमच वाफ राहते, बाकी २१० ग्रॅम पाणी टाकीत पडतं. ऑटो ड्रेन, म्हणजे टाकीतलं पाणी आपोआप बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, तुंबला की हे पाणी हवा सुकवणाऱ्या ड्रायरवर जातं, तिथून मशीनपर्यंत. ड्रेन रोज हाताने दाबून बघा. दाबलेल्या हवेच्या शुद्धतेचं मानक आयएसओ ८५७३-१ मध्ये कण, पाणी आणि तेल यांचे वर्ग वेगवेगळे दिले आहेत, ते उगाच नाही. हवा आत घेण्याची जागाही तपासा; बाहेरचा धूर ओढला तर ऑइल-फ्री कंप्रेसर तो धूरच पुढे देणार.

उष्णता आणि उलटी दिशा

कंप्रेसर बंद खोलीत कोंडू नका. गरम हवा पुन्हा त्याच पंख्यात येऊ लागली की तो ट्रिप होतो, बेअरिंगचं ग्रीस लवकर संपतं आणि सील जास्त झिजतं. ट्रिप झाला की रिसेट दाबून पुढे जाण्याआधी पंखा आणि फिल्टर बघा.

थ्री-फेज मशीन नव्याने जोडल्यावर किंवा वायरिंग बदलल्यावर क्षणभर चालू करून दिशा बघा, केसिंगवरच्या बाणाशी जुळवा. उलटं फिरत असेल तर कोणत्याही दोन फेज अदलाबदल करा. उलटं चालू ठेवून "बघू काय होतं" असं करू नका, स्क्रोल आणि सील दोन्ही जातात.

व्हॅक्यूम पंपाच्या तोंडाशी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवा. तो नसेल आणि अचानक वीज गेली, तर हवा पंपातून उलटी धावत चेंबरमध्ये शिरते आणि सीलची ती काळी पावडर थेट तुमच्या नमुन्यावर नेऊन टाकते.